फॉरमॅटच्या आधी आणि नंतर

विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि संगणकावरील सर्व काही पुसून नवी कार्यप्रणाली बसवण्याच्या कामाला, म्हणजे सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय, ज्याला सर्रास ‘फॉरमॅट मारणे’ म्हटले जाते त्या कामाला, आणखी एक निमित्त मिळाले. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाची स्मृती, फायली, पडदा आणि त्याला जोडलेली यंत्रे या सर्वांचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली होय. ती बसवायला अलीकडे तासभरही लागत नाही. पेनड्राइव्ह लावायचा, चार-दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची, की स्वच्छ पडदा समोर येतो आणि संगणक दुरुस्त करणारा मोकळा होतो. अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान किंवा सेवा केंद्र उघडल्यावर उभी राहते : छपाई यंत्र कागद ओढत नाही, अंगठ्याचे यंत्र सापडत नसल्याचा संदेश येतो, भुईकाट्यावरचे वजन पडद्यावर उमटत नाही. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते आणि ते म्हणजे त्या त्या यंत्राचा ड्रायव्हर नव्या कार्यप्रणालीत नसणे.

ड्रायव्हर ही कार्यप्रणाली आणि यंत्र यांच्यामध्ये बसणारी छोटी आज्ञावली असते, आणि तिचे काम समजून घ्यायला सोलापुरी चादरीचे उदाहरण पुरेसे आहे. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवली जाते, त्या कागदावरून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडली जातात आणि जेकार्ड यंत्रणा ती भोके वाचून ताण्यातले नेमके धागे उचलते. मागाला चित्र कळत नाही, कोणता धागा उचलायचा एवढेच कळते. कागदावरच्या नक्षीला मागाची भाषा देण्याचे काम कार्ड पाडणारा करतो. ‘हे पान छाप’ ही कार्यप्रणालीची आज्ञा म्हणजे ती नक्षी आणि छपाई यंत्रातील मोटर व लेझर किरण म्हणजे तो माग असे मानले, तर ड्रायव्हर हा कार्ड पाडणारा ठरतो. एका मागासाठी पाडलेली कार्डे वेगळ्या बांधणीच्या मागावर चालत नाहीत, तसाच एका प्रतिमानाचा ड्रायव्हर दुसऱ्याला सहसा चालत नाही.

समोर कोणते यंत्र जोडले आहे हे कार्यप्रणालीला कसे कळते, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने ‘प्लग अँड प्ले’ ही पद्धत सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचवली; तिच्यानुसार प्रत्येक यंत्र जोडले जाताच स्वतःचे ओळखक्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि दुसरा त्या उत्पादनाचा. संगणकाच्या आतील भागांपैकी इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ हा आहे, जो १९७८ मधल्या त्याच नावाच्या प्रोसेसरची आठवण जपतो. रिअलटेकचा १०ईसी, एनव्हीडियाचा १०डीई आणि एएमडीच्या ग्राफिक्स विभागाचा १००२. ड्रायव्हरच्या संचात ‘आयएनएफ’ या प्रकारची एक मजकुराची फाइल असते आणि हा ड्रायव्हर कोणत्या ओळखक्रमांकांसाठी आहे त्याची यादी तिच्यात दिलेली असते. यंत्राने सांगितलेला क्रमांक आणि यादीतला क्रमांक जुळला, की ड्रायव्हर बसतो. न जुळल्यास यंत्र अनोळखी राहते.

अशी अनोळखी यंत्रे विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’ या खिडकीत पिवळ्या त्रिकोणासह दिसतात. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारली की ही खिडकी उघडता येते आणि नव्या कार्यप्रणालीनंतर सर्वांत आधी तीच पाहणे श्रेयस्कर ठरते. त्रिकोण असलेल्या ओळीवर दोनदा टिचकी मारल्यास एक सांकेतिक क्रमांक समोर येतो : २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होऊ शकत नाही, ५२ म्हणजे ड्रायव्हरवरील डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा होत नाही. याच खिडकीतील ‘डिटेल्स’ या भागात ‘हार्डवेअर आयडी’ निवडल्यास वर सांगितलेले ओळखक्रमांक दिसतात, आणि ‘अननोन डिव्हाइस’ एवढ्याच नावाने बसलेल्या यंत्राचा ठावठिकाणा लावायला तेवढे पुरते. लॅपटॉपच्या खोक्यावर काय छापले आहे यापेक्षा हे क्रमांक अधिक विश्वासार्ह असतात, कारण एकाच प्रतिमानाच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे निघणे ही अगदी नेहमीची बाब आहे.

संगणकाच्या पोटातील भागांपुरते बोलायचे तर आजचे विंडोज बरेचसे काम स्वतःच उरकते. जाळे जोडले गेले की विंडोज अपडेट ध्वनी, ग्राफिक्स, ब्लूटूथ वगैरेंचे ड्रायव्हर आपोआप उतरवून घेते आणि उरलेले ‘ऑप्शनल अपडेट्स’ या सदराखाली ठेवते. अडते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे जाळ्याचाच ड्रायव्हर नसेल तर बाकीचे ड्रायव्हर आणणार कुठून, हा पेच. विंडोज ११ तर बसवतानाच इंटरनेटची जोडणी मागते आणि वाय-फाय ओळखले गेले नसेल तर तिथेच अडून बसते. अशा वेळी अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केल्यास बहुतेकदा वाट निघते, कारण त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. दुसरा पेच अधिक घाबरवणारा असतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये साठवणुकीचा भाग ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागे असतो, त्यामुळे विंडोज बसवताना डिस्कची यादी कोरी दिसते आणि नवीकोरी एसएसडी निकामी झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ‘लोड ड्रायव्हर’ या बटणातून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून दिला की तीच डिस्क यादीत हजर होते. या प्रकारात चांगली एसएसडी बदलून घेण्याची पाळी ग्राहकावर येऊ शकते, म्हणून हा मुद्दा संगणक वापरणाऱ्यालाही ठाऊक असलेला बरा.

आतल्या भागांचे ड्रायव्हर हाताने बसवावे लागले, तर आधी मदरबोर्डवरील चिपसेटचा, मग जाळ्याचा, त्यानंतर ग्राफिक्सचा आणि शेवटी ध्वनी, टचपॅड व कॅमेरा यांचा असा क्रम सामान्यतः पाळला जातो. चिपसेट हा मदरबोर्डवरील भागांना एकमेकांशी जोडणारा दुवा असल्यामुळे तो नीट ओळखला गेला की पुढची अनेक यंत्रे आपोआप मार्गी लागतात. हे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा अनुक्रमांक देऊन घ्यावेत, हा जुनाच सल्ला आजही सर्वांत बिनधोक आहे.

सोलापूरच्या संदर्भात खरा प्रश्न संगणकाच्या बाहेर, त्याच्या मागे लोंबणाऱ्या केबलींच्या दुसऱ्या टोकाला असतो. हे गिरणी कामगारांचे, यंत्रमाग कामगारांचे आणि विडी कामगारांचे शहर आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार पेन्शन घेणाऱ्या येथील वृद्धांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू झाल्यापासून तो आधार क्रमांक व बोटाचा ठसा देऊन संगणकावरून काढता येतो. आपले सरकार सेवा केंद्रांत आणि सामायिक सुविधा केंद्रांत मंत्रा किंवा मॉर्फो यांसारख्या कंपन्यांची जी छोटी ठसायंत्रे दिसतात, ती या कामाचा कणा आहेत. नव्या विंडोजनंतर सर्वाधिक गोंधळ याच यंत्राचा उडतो, कारण त्याला एक नव्हे तर दोन थर लागतात. पहिला थर म्हणजे यूएसबीवरून यंत्र ओळखणारा नेहमीचा ड्रायव्हर. दुसरा म्हणजे ‘आरडी सर्व्हिस’, अर्थात नोंदणीकृत यंत्राची सेवा. आधार प्राधिकरणाच्या नियमानुसार ठसा उघड्या स्वरूपात संगणकातून पुढे जाऊ नये, तो सांकेतिक स्वरूपात कुलूपबंद होऊन आणि त्यावर यंत्राची डिजिटल सही होऊनच जावा, यासाठी ही वेगळी आज्ञावली असते.

आरडी सर्व्हिस संगणकात पार्श्वभूमीला चालत राहते आणि ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या दरवाजांपैकी एकावर, म्हणजे संगणकाच्या अंतर्गत संवादासाठी ठेवलेल्या एका पोर्टवर, विनंतीची वाट पाहते. ब्राउझरमधील जीवन प्रमाण किंवा बँकेचे पान याच दरवाजांवर टकटक करून यंत्र तयार आहे का, असे विचारते. केवळ ड्रायव्हर बसवला आणि ही सेवा बसवायची राहिली, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्रिकोण दिसत नाही, यंत्राचा दिवाही लागू शकतो, आणि तरीही पान मात्र यंत्र नसल्याचेच सांगत राहते. म्हणून यंत्राची केबल काढून ठेवून आधी ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस आणि त्यानंतर केबल हा क्रम पाळणे हिताचे. सेवेची वार्षिक नोंदणी यंत्राच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असल्याने विंडोज बदलल्यामुळे ती वाया जात नाही, हेही केंद्रचालकाने लक्षात ठेवावे.

येथे एक सामाजिक बाजू आहे. आयुष्यभर तेंदूपान कापून विड्या वळलेल्या किंवा मागावर सूत हाताळलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे ठसा उमटला नाही की दोष पटकन बोटाला दिला जातो आणि म्हातारे माणूस ‘पुन्हा या’ असे ऐकून परत जाते. पडद्यावर येणारा क्रमांक वाचला तर दोष कोणाचा हे सांगता येते. ७२० हा क्रमांक यंत्र तयार नसल्याचे दर्शवतो, म्हणजे ड्रायव्हर, सेवा किंवा केबल यांपैकी कशात तरी खोट आहे आणि बोटाचा तिथे काहीही संबंध नाही. ३०० हा क्रमांक मात्र ठसा आधारच्या नोंदीशी जुळला नाही असे सांगतो आणि तेव्हाच दुसरे बोट, बुबुळ किंवा चेहऱ्यावरून पडताळणी हे मार्ग धरायचे असतात. ७२० दिसत असताना आजीबाईंचे अंगठे ओल्या फडक्याने पुसत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय होय.

दुसरे ठिकाण म्हणजे काटा. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा अशी सोलापूरची ओळख आहे आणि येथील श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समिती कांद्याच्या मोठ्या उलाढालीसाठी प्रसिद्ध आहे. उसाची गाडी असो की कांद्याची गोणी, वजन झाले की तो आकडा संगणकात जाऊन पावती निघते. काट्याचे वजनदर्शक यंत्र आजही अनेक ठिकाणी ‘आरएस-२३२’ या जुन्या पद्धतीच्या नऊ टाचण्यांच्या जोडणीवर बोलते, तर आजच्या संगणकावर ती जोडणी नसल्याने मध्ये एक यूएसबी केबल लावलेली असते. त्या केबलीच्या डोक्यात एक चिप असते आणि ड्रायव्हर लागतो तो त्या चिपचा, काट्याचा नव्हे. काट्याच्या कंपनीचे नाव शोधत बसणाऱ्याला तो म्हणूनच सापडत नाही.

या चिप बहुधा तैवानच्या प्रोलिफिकच्या, स्कॉटलंडच्या एफटीडीआयच्या किंवा सीएच ३४० या चिनी जातीच्या असतात, आणि पहिल्या दोन्हींच्या नकला बाजारात अमाप झाल्यामुळे त्यांच्या ड्रायव्हरचा इतिहास चमत्कारिक आहे. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हर जुन्या ‘एचएक्सए’ चिपना आणि नकली मालाला नाकारतात, तेव्हा कालपर्यंत उत्तम चालणारी केबल नव्या विंडोजवर संकेतांक १० दाखवून गप्प बसते. एफटीडीआयने तर २०१४ साली त्याहून पुढची मजल मारली : विंडोज अपडेटमधून पोहोचलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपचा उत्पादन क्रमांकच शून्य करून टाकत असे, त्यामुळे ती केबल दुसऱ्या संगणकावरही ओळखली जाईना, जगभरातून ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. स्वस्तातली केबल घेणाऱ्या वापरकर्त्याला चिप नकली असल्याचा पत्ताही नसतो, हे लक्षात घेता ही शिक्षा चुकीच्या माणसाला होती.

केबल ओळखली गेली तरी एक गाठ उरते. विंडोज अशा प्रत्येक जोडणीला ‘कॉम’ क्रमांक देते, आणि पूर्वी कॉम ३ वर असलेला काटा नव्या विंडोजवर कॉम ५ वर जाऊन बसू शकतो, तर पावतीची आज्ञावली अजून कॉम ३ चेच दार ठोठावत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ या बटणाखाली जुना क्रमांक परत देता येतो. त्याबरोबरच दर सेकंदाला किती संकेत पाठवायचे हे ठरवणारा ‘बॉड रेट’, उदाहरणार्थ २४०० किंवा ९६००, काट्यावर आणि संगणकावर सारखाच असावा लागतो. तो जुळला नाही तर आकड्यांऐवजी अगम्य चिन्हांची रांग दिसते.

छपाई यंत्रांचे गणित थोडे निराळे आहे. कॅननचे एलबीपी २९०० आणि एचपीचे लेझरजेट १०२० ही दोन यंत्रे भारतातल्या छोट्या कार्यालयांत वर्षानुवर्षे तग धरून आहेत. दोहोंत स्मृती अवघी २ एमबी, कारण पानाचे चित्र तयार करण्याचे काम यंत्र स्वतः करत नाही, ते संगणकातील ड्रायव्हरवर सोपवलेले असते. लेझरजेट १०२० तर चालू केल्यावर दर वेळी स्वतःची अंतर्गत आज्ञावलीदेखील संगणकाकडून मागून घेते. यंत्र स्वस्त होण्याचे हेच रहस्य आणि ड्रायव्हरवाचून ते निव्वळ खोके उरण्याचेही हेच कारण. बिलांसाठी वापरल्या जाणाऱ्या डॉट मॅट्रिक्स यंत्राला विंडोजमधला ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर देऊन वेळ मारून नेता येते, पण तो यंत्रात कोरलेली इंग्रजी अक्षरेच वापरत असल्याने मराठी बिल छापता येत नाही. देवनागरी मजकूर चित्ररूपाने ठिपक्याठिपक्यांनी पाठवणारा त्या प्रतिमानाचाच ड्रायव्हर बसवावा लागतो. छपाई यंत्रांसाठी प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आहे. नव्या यंत्रांना एकच सामायिक ड्रायव्हर चालेल, परंतु वर सांगितलेल्या जुन्या यंत्रांच्या मालकांनी त्यांचे ड्रायव्हर जपून ठेवण्यात शहाणपण आहे.

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यातच अंतर्भूत असल्याने संगणकाच्या आतील भागांचा त्रास तिथे फारच कमी असतो. मात्र ठसायंत्राची सेवा किंवा एलबीपी २९०० सारखे यंत्र यांपाशी येताच तेथेही घोडे अडते.

ड्रायव्हर कुठूनही आणून बसवू नये, असे जाणकार बजावतात, त्यामागे ठोस कारण आहे. अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये चालतात, तिथे चालणाऱ्या आज्ञावलीला संपूर्ण स्मृती खुली असते आणि तिच्या एका चुकीने सारा संगणक निळ्या पडद्यावर थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अशाच गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरला सदोष माहितीची फाइल मिळाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले ते त्याच दिवशी. हा धोका ओळखूनच ६४ बिटच्या विंडोजमध्ये, व्हिस्टापासून, गाभ्यातील ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची झाली. सर्व ड्रायव्हर एका टिचकीत बसवून देणारे जे अनधिकृत ‘ड्रायव्हर पॅक’ फिरत असतात, त्यांतले काही जाहिराती आणि नको त्या आज्ञावल्या सोबत घेऊन येतात, आणि ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक व बँक खाती हाताळली जातात तिथे अशा पॅकला थारा देणे हा सरळ बेजबाबदारपणा ठरतो. स्वाक्षरीची तपासणी बंद करून जुना ड्रायव्हर घुसवण्याची युक्तीही याच जातीची.

विंडोज ११ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तिची ३२ बिटची आवृत्तीच नाही, आणि ३२ बिटसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजमध्ये कोणत्याही उपायाने चालत नाही. ज्या जुन्या यंत्राच्या कंपनीने ६४ बिटचा ड्रायव्हर कधी काढलाच नाही, ते यंत्र बदलण्यावाचून गत्यंतर नसते. हे फॉरमॅट झाल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळणे केव्हाही बरे, कारण तोवर जुनी कार्यप्रणाली परतीचा मार्ग म्हणून हाताशी असते.

त्यासाठी लागणारी साधने विंडोजमध्येच आहेत. ‘पीएनपीयूटिल’ किंवा ‘डिझ्म’ या आज्ञांच्या ‘एक्स्पोर्ट ड्रायव्हर’ या पर्यायाने बाहेरच्या कंपन्यांचे सर्व बसवलेले ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरवता येतात, आणि नव्या विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरला तेच फोल्डर दाखवले की बहुतेक त्रिकोण दिसेनासे होतात. अर्थात आरडी सर्व्हिससारख्या स्वतंत्र आज्ञावल्या या फोल्डरमध्ये येत नाहीत, त्या अधिकृत संकेतस्थळावरून वेगळ्या घ्याव्या लागतात. सेवा केंद्र, आडत दुकान किंवा कारखान्याचा काटा सांभाळणाऱ्यांनी संगणक फॉरमॅटला देण्यापूर्वी काट्याचा कॉम क्रमांक व बॉड रेट, ठसायंत्राचा अनुक्रमांक, छपाई यंत्राचे प्रतिमान आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक एवढे वहीत लिहून ठेवावे, ड्रायव्हरचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरले आहे याची स्वतः उघडून खात्री करावी, आणि संगणक परत घेताना पडदा उजळला एवढ्यावर समाधान न मानता एक पावती, एक वजन आणि एक ठसा समोर घेऊनच दुरुस्तीचे पैसे द्यावेत.